पाती मिटलेली बरी की उघडी? बाणाच्या टोकाच्या १५ रंजक गोष्टी

अमेरिकेत उन्हाळा सरत आला की घरोघरच्या गराजमधून धनुष्यं बाहेर निघतात. हरणांचा हंगाम तोंडावर असतो आणि धनुर्धारी शिकाऱ्यांत जुना वाद नव्याने पेटतो: यंदा बाणाला टोक कुठलं लावायचं? एक गट ‘फिक्स्ड’वाल्यांचा. त्यांच्या टोकाची पाती कायम उघडी, जागच्या जागी घट्ट. दुसरा गट ‘मेकॅनिकल’वाल्यांचा. त्यांची पाती उडताना अंगाशी मिटलेली असतात आणि जनावराला लागताक्षणी फाकतात. धारदार पात्यांच्या या दोन्ही टोकांना तिकडे ‘ब्रॉडहेड’ म्हणतात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा सारा मामला तिकडचा. पण त्यात विज्ञान आहे, इतिहास आहे, कायदा आहे आणि दोन मराठी विश्वविजेतेही आहेत. मुळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे: शिकार करायचीच, तर जनावराला कमीत कमी यातना होऊन झटपट मरण कसं येईल? फिक्स्ड आणि मेकॅनिकल यांचा निवाडा त्याच कसोटीवर व्हायला हवा.

१. बाणात जोर किती? क्रिकेटच्या चेंडूएवढा!

आधुनिक कम्पाउंड धनुष्यातून सुटलेला २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण त्याची ऊर्जा भरते सुमारे ९४ ज्यूल. ताशी १२५ किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूतही जवळपास तेवढीच ऊर्जा असते! हरणांच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ रायफलच्या गोळीत ती याच्या सुमारे चाळीसपट. म्हणून गोळीसारखा हादरा देऊन बाण मारू शकत नाही. तो कापतो. दोन्ही फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या छेदल्या गेल्या की रक्तदाब कोसळतो आणि हरणाची शुद्ध काही सेकंदांत हरपते. सगळी भिस्त धारेवर, आणि धार नेमकी कुठे लागते यावर.

२. ५३०० वर्षांपूर्वीचा खून आणि खांद्यातलं टोक

इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात १९९१ साली ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याचं नाव पडलं ओत्झी. त्याच्या भात्यात १४ बाण होते. त्यांतले दोनच तयार, चकमकीच्या दगडाची टोकं बसवलेले. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात तसंच एक दगडी टोक रुतलेलं दिसलं. गळपट्टीच्या हाडाखालची रोहिणी त्याने कापली होती. बोटाच्या पेराएवढा दगड, पण रक्तवाहिनी गाठली आणि माणूस गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत तर बाणाची असावीत अशी दगडी टोकं मिळालीत, ती सुमारे ६४ हजार वर्षांपूर्वीची. फिक्स्ड टोकाची वंशावळ इतकी लांब जाते.

३. कामागणिक फाळ: धनुर्वेदातली यादी

टोकांच्या निवडीवर डोकं खाजवणारे अमेरिकी शिकारी पहिले नव्हेत. आपल्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत बाणाच्या फाळांची रीतसर यादी आहे: सूचीमुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल, द्विभल्ल, वत्सदंत, काकतुंड. कुणी भोसकायला, कुणी छेदायला. तिथे विषय युद्धाचा होता, शिकारीचा नव्हता. पण एकच फाळ सगळ्या कामांना पुरत नाही, हे तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

४. बाटलीच्या काचेतून घडलेलं पातं

कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ १९११ साली एक एकटा, उपाशी माणूस प्रकटला. ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा वंशज. बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींनी आणि उपासमारीने संपवलं होतं. जगाने त्याला ‘इशी’ म्हटलं. विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात तो राहू लागला. ज्वालामुखीच्या काळ्या काचेतून, एवढंच काय, साध्या बाटलीच्या काचेतूनही टवके काढत तो बाणाची अप्रतिम पाती घडवायचा. त्याचे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यातून अमेरिकेत या विद्येचं नवं पर्व सुरू झालं. पोप आणि त्यांचे सोबती आर्ट यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये ‘पोप अँड यंग क्लब’ निघाला. आजच्या प्रत्येक अमेरिकी धनुर्धाऱ्यावर इशीचं ऋण आहे आणि ते नाव घेऊन सांगायला हवं.

५. फ्रेड बेअर आणि सरकवायचं पातं

या खेळाला घराघरांत नेलं ते फ्रेड बेअर यांनी. १९३३ साली डेट्रॉइटमध्ये त्यांनी धंदा मांडला, पुढे मिशिगनच्याच ग्रेलिंग गावी कारखाना उभारला. धंदा मांडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, विस्कॉन्सिनने फक्त धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम दिला आणि बाकीची राज्यं त्या वाटेने गेली. बेअर यांचं ‘रेझरहेड’ १९५६ सालचं. मुख्य दोन पाती फिक्स्ड, आणि त्यांच्या मधल्या खाचेत सरकवायचं, वस्तऱ्याच्या पात्याइतकं पातळ जादा पातं. बोथट झालं की ते काढून नवं घालायचं. पातं बदलता येण्याची सोय आज कितीतरी फिक्स्ड टोकांत दिसते.

६. कप्प्या आल्या, वेग आला, पंचाईतही आली

मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या दोन टोकांना कप्प्या बसवल्या. १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं आणि कम्पाउंड धनुष्य जन्मलं. पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार आजच्या बऱ्याच धनुष्यांत ८० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ६० पौंडांचं धनुष्य रोखून धरायला १२ पौंडांचा जोर पुरतो.

याच जातीच्या धनुष्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले! त्यांच्या बाणांना अर्थातच निशाणावर रुतणारी साधी टोकं होती. शिकाऱ्याला मात्र त्याच वेगवान बाणावर रुंद पाती चढवायची असतात, आणि पंचाईत तिथेच होते.

७. पुढे पाती, मागे पिसं, मध्ये रस्सीखेच

बाणाच्या शेपटीकडची पिसं त्याला सरळ ठेवतात. पुढे उघडी पाती आली की वारा त्यांनाही ढकलू लागतो. बाण किंचित तिरका सुटला तर पुढची पाती त्याला एकीकडे ओढतात, मागची पिसं सावरू पाहतात. वेग जितका जास्त तितकी ही ओढाताण मोठी. म्हणून सरावाच्या साध्या टोकाने अचूक लागणारा बाण फिक्स्ड टोक लावताच वीतभर बाजूला जाऊ शकतो. मेकॅनिकलची पाती उडताना मिटलेली असल्याने त्याचा मार्ग सरावाच्या टोकाच्या बराच जवळ राहतो. १९९० च्या दशकात मेकॅनिकलने बाजार काबीज केला तो या गुणावर.

फिक्स्डवाल्यांचं उत्तरही चोख आहे: दोष टोकाचा नाही, धनुष्याच्या जुळणीचा आहे. दोन्ही टोकं एकाच निशाणावर मारून बघायची. फिक्स्ड डावीकडे लागत असेल तर बाणाचा टेकू केसभर उजवीकडे सरकवायचा आणि पुन्हा मारायचं. दोन्ही एका जागी लागू लागले की धनुष्य खरोखर जुळलं. त्यासाठी दोन्ही टोकांचं वजन सारखंच हवं. ते मोजतात ‘ग्रेन’मध्ये; बाजारात सर्वांत चालतं ते १०० ग्रेनचं टोक, म्हणजे अवघं साडेसहा ग्रॅम.

८. मिटलेली पाती उघडतात कशी?

दोन मुख्य तऱ्हा. पहिल्या तऱ्हेत पात्यांची टोकं पुढे असतात. कातडीला टेकताच ती बाहेर आणि मागे उलटतात. दुसरीत पाती मागच्या बाजूने फाकतात. आघाताने ती मागे सरकतात आणि सरकता सरकता रुंदावतात. दुसरी तऱ्हा २००० नंतरच्या दशकात ‘रेज’ या नावाने गाजली. उड्डाणात पाती मिटून ठेवायला कुठे रबराची बारीक कडी, कुठे प्लॅस्टिकची पट्टी, कुठे स्प्रिंगची पकड. एवढ्याशा कडीवर सगळा खेळ. कडी जीर्ण झाली तर पाती भात्यातच उघडतील किंवा हवेत फाकतील आणि बाण भलतीकडे जाईल. म्हणून जाणता शिकारी दर फेरीआधी ती तपासतो, शंका आली की बदलतो.

९. दोन इंची काप खरंच मोठा? गणित करून बघा

मेकॅनिकलच्या खोक्यावर ठळक छापतात: दोन इंची काप! फिक्स्ड टोक बहुधा एक ते सव्वा इंचाचं. फरक प्रचंड वाटतो. आता पाती मोजा. तीन पात्यांच्या सव्वा इंची फिक्स्डमध्ये प्रत्येक पातं मध्यापासून ०.६२५ इंच कापतं. तिघांची बेरीज १.८७५ इंच. दोन पात्यांच्या दोन इंची मेकॅनिकलची बेरीज बरोबर दोन इंच. अंतर उरलं फक्त एक अष्टमांश!

फरक आकारात आहे. मेकॅनिकलची एकच लांब चीर जास्त दूरवर पोहोचते, त्यामुळे नेम थोडा हुकला तरी एखादी मोठी रक्तवाहिनी तिच्या वाटेत येण्याची शक्यता वाढते. त्याची किंमतही मोजावी लागते. पाती उघडण्यात थोडी ऊर्जा खर्च होते, रुंद पाती जास्त अडतात आणि बाण आत कमी जातो. ताकदवान धनुष्याला हे परवडतं. ४०-४५ पौंडांच्या हलक्या धनुष्याला नाही.

१०. हरणाला आवाज आधी पोहोचतो

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, बाण ८५. वीस यार्डांवर, म्हणजे १८ मीटरवर, उभ्या हरणाला दोरी सुटल्याचा आवाज पोहोचतो ०.०५ सेकंदात; बाण पोहोचतो ०.२१ सेकंदात. मधल्या वेळात दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, भलतीकडे लागतो. पात्यांना भोकं असतील तर तीही हवेत शीळ घालतात. म्हणून शांत धनुष्य, जवळचं अंतर आणि बेसावध हरीण या तिन्हींचं मोल कुठल्याही महागड्या टोकाहून जास्त. हरीण कान टवकारून बघत असेल तर बाण न सोडणं हेच कौशल्य.

११. मेरीलँडच्या नौदल तळावरची मोजदाद

वादात आकडे क्वचितच असतात. इथे आहेत. मेरीलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर धनुष्याने शिकार करणाऱ्यांना आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागायची आणि प्रत्येक बाणाची नोंद ठेवावी लागायची. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींतून दिसलं की फिक्स्ड टोक लागलेल्या हरणांपैकी सुमारे ८२ टक्के सापडली, मेकॅनिकल लागलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के. मेकॅनिकलच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. मात्र तो पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे, ज्याचं अंग तुलनेने लहान आणि हाडं बेताची. एल्क किंवा मूससारख्या दांडग्या जनावराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय ८२ काय नि ९१ काय, न सापडलेलं प्रत्येक हरीण कुठेतरी जखम घेऊन गेलेलं असतं. तो आकडा खाली आणणं हे प्रत्येक शिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

१२. एकाच अंगाने धार, आणि पातं वळतं

सुरीला दोन्ही अंगांनी धार लावतात. काही फिक्स्ड पात्यांना ती मुद्दाम एकाच अंगाने लावतात. असं पातं आत शिरताना वळत जातं आणि त्या वळणाने हाड तडकवू शकतं. पिसांचा पीळही त्याच दिशेचा हवा. नाहीतर पिसं एकीकडे फिरवणार, पातं दुसरीकडे. या पात्यांचे खंदे पुरस्कर्ते एड अ‍ॅश्बी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात थोराड जनावरांवर अभ्यास केला. त्यांचा कौल स्पष्ट आहे: मोठं हाड भेदायचं तर पातं मजबूत, लांबट, अरुंद, आणि बाण जड, ६५० ग्रेनच्या घरातला, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅमचा. आजकालचे बरेच शिकारी ४०० ग्रेनच्या आसपासचा बाण वापरतात.

१३. धार तपासायला रबर बँड

फिक्स्ड असो वा मेकॅनिकल, बोथट पातं दोन्हींत गुन्हाच. धारदार पात्याने स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी वाहत राहते. बोथटाने फाटलेली लवकर साकळते आणि जनावर ताटकळत मरतं. तपासणीची जुनी युक्ती म्हणजे रबर बँड सैलसर ताणून पात्यावर हलकेच ओढायचा. लगेच तुटला तर पातं तयार. नुसता घसरला तर कानशीवर आणि पाथरीवर न्यायचं. तपासणी अनुभवी हातानेच, आणि टोक बसवायचं ते खास पान्याने. या पात्यांनी शिकाऱ्यांची बोटं नेहमी कापली जातात.

१४. राज्य बदललं की टोक बदलतं

अमेरिकेत टोकांचे नियम राज्यागणिक वेगळे. ओरेगॉन आणि आयडाहो यांनी मोठ्या जनावरांसाठी मेकॅनिकलवर बरीच वर्षं बंदी ठेवली, कारण हलत्या भागांवर त्यांचा भरवसा नव्हता. कोलोरॅडोत टोक किमान सात अष्टमांश इंच रुंद आणि त्याला पोलादी धारेच्या निदान दोन कडा हव्यात. मागे वळलेल्या आकड्यांच्या पात्यांना अनेक राज्यांत मनाई आहे, कारण ती जखमेत अडकून राहतात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हरणं चांगलीच ओळखीची आहेत. परसातली टोमॅटोची रोपं ती रातोरात फस्त करतात. त्या दाट वस्तीच्या राज्यात बंदूक इमारतीपासून ४५० फुटांच्या आत चालवता येत नाही. धनुष्यासाठी मात्र ही मर्यादा २०१० मध्ये १५० फुटांवर आणली. उपनगरांतली हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम त्यामुळे बरंचसं बाणावर येऊन पडलं आहे.

१५. प्रत्येक टोकामागे जंगलाला वाटा

अमेरिकेत ब्रॉडहेडवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांचं सामानही त्यात आलं. हा पैसा राज्यांकडे जातो आणि अधिवास सुधारणा, प्राण्यांची मोजणी, शिकाऱ्यांचं शिक्षण यांवर खर्च होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणं पाचेक लाख उरली होती असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. बेबंद शिकारीला लगाम, सांभाळलेली जंगलं आणि नियमाने येणारा निधी, तिन्हींनी मिळून हे घडवलं.

मग घ्यायचं कोणतं?

• धनुष्य हलकं, ४०-४५ पौंडांचं किंवा पारंपरिक लाकडी असेल तर फिक्स्ड, दोन पात्यांचं.
• एल्क, मूस, रानडुक्कर अशी जाड हाडाची जनावरं असतील तर फिक्स्ड, मजबूत, आणि बाण जड.
• ६०-७० पौंडांचं कम्पाउंड किंवा वेगवान क्रॉसबो, आणि समोर पांढऱ्या शेपटीचं हरीण असेल तर मेकॅनिकल. कडी तपासलेली, पाती कोरी.
• तिरका कोन असेल तर मेकॅनिकल नको. उघडता उघडता ते घसरू शकतं.
• हंगामापूर्वी जुळणीला वेळच नसेल तर फिक्स्ड घेऊन नशिबावर हवाला ठेवू नये.
• आणि सगळ्यात आधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका उघडावी.

माझा कौल विचाराल तर टोकाचं नाव दुय्यम आहे. जे टोक आपल्याच धनुष्यातून, आपल्याच हातून, ठरवलेल्या अंतरावर दर वेळी ठरवलेल्या जागी लागतं, ते आपलं. निशाणावर मारून न पाहिलेलं टोक जनावरावर वापरू नये, मग ते कितीही महागाचं असो. उघड्या पात्यांना जुळणीची मेहनत लागते, मिटलेल्यांना ताकदीची आणि देखभालीची. यांपैकी जी मेहनत आपण नक्की करणार आहोत, तिच्याकडे बघून टोक निवडावं. आणि दोन्ही होणार नसेल, तर त्या वर्षी बाण भात्यातच ठेवावा.